दुव्यांची गस्त

दौंडसारख्या रेल्वेच्या गावात वाढलेल्या मुलांना कीमन कोण, हे सांगावे लागत नाही. खांद्यावर हातोडा आणि पाना, जवळ लाल-हिरवी झेंडी घेऊन हा माणूस आपल्याला नेमून दिलेल्या टप्प्यात रुळांच्या कडेने चालत जातो. रूळ स्लीपरला घट्ट धरून ठेवणाऱ्या चाव्या आणि क्लिपा जागेवर आहेत का, एखादी सैल झाली आहे का, रुळाला कुठे तडा गेला आहे का, हे तो पाहतो. बहुतेक दिवशी सर्व काही ठीकच असते. तरी दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा चालावेच लागते. कारण काल रूळ ठीक होता, एवढ्यावरून तो आज ठीक असेल असे म्हणता येत नाही.

माहितीजालावरील दुव्यांची स्थिती अशीच असते. फरक इतकाच, की त्यांच्यावरून कोणी कीमन फिरत नाही. हा कीमन आपल्यालाच तयार करता येतो का, आणि त्याच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवावा, हे या लेखात पाहू.

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील शिक्षकांच्या एका गटाबरोबर काम करताना हा प्रश्न आमच्यापुढे आला. न्हावरे-चौफुला रस्त्याने भीमा ओलांडून कधी या तालुक्यात, कधी त्या तालुक्यात आमच्या बैठका होत. ‘आपला तालुका’ या प्रकल्पासाठी शिक्षकांनी मोठ्या कष्टाने दुव्यांची एक यादी केली होती. रांजणगावचा गणपती, मोराची चिंचोली, केडगावचे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन, दौंड-मनमाड लोहमार्ग, शिरूरची जुनी लष्करी छावणी अशा विषयांवर वाचण्याजोगे काही ना काही त्यात होते. यादी छापून शाळांना वाटली गेली. पुढे एका शाळेत ती वर्गात वापरायला काढली, तेव्हा पहिल्या दुव्यावर ‘पान सापडले नाही’ असा संदेश आला. दुसऱ्या दुव्यावर भलत्याच संस्थेचे मुखपृष्ठ उघडले. तिसऱ्यावर पैसे लावून पत्ते खेळण्याची जाहिरात आली. फोन हातात धरलेली मुलगी घाबरून म्हणाली, “बाई, माझं काय चुकलं?”

तिचे काहीच चुकले नव्हते. पण तुटलेल्या दुव्याचा दोष बहुतेक वेळा तो उघडणारा स्वतःकडे घेतो. विशेषतः ज्याच्या घरी एकच फोन आहे आणि त्यावर मोजकाच डेटा आहे, असा विद्यार्थी दोनदा फसला की तिसऱ्यांदा प्रयत्न करत नाही. म्हणून दुवे तपासणे हे केवळ संगणकवाल्यांचे काम आहे असे आम्हाला वाटत नाही.

दुवा म्हणजे वस्तू नव्हे, पत्ता

पुस्तकाची प्रत आपल्या कपाटात असते. दुव्याचे तसे नसते. दुवा म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकावर ठेवलेल्या मजकुराचा पत्ता. त्या पत्त्याचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. पहिला भाग संकेतस्थळाचे नाव. हे नाव म्हणजे जणू गावाचे नाव. दुसरा भाग त्या संकेतस्थळावरील नेमक्या पानाचा मार्ग, म्हणजे पेठ, गल्ली आणि घर क्रमांक.

आपण दुव्यावर बोट ठेवले की तीन गोष्टी लागोपाठ घडतात. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधला जातो. या शोधासाठी जगभर पसरलेली नामसूची वापरली जाते. मग त्या अंकी पत्त्यावरील संगणकाशी, म्हणजे सर्व्हरशी, जोडणी होते. शेवटी आपला ब्राउझर त्या सर्व्हरकडे विशिष्ट पान मागतो आणि सर्व्हर उत्तर देतो. या तीनही पायऱ्यांवर काही ना काही बिघडू शकते. दुवा तुटला म्हणजे नेमके काय झाले, हे जाणून घ्यायचे तर कोणत्या पायरीवर अडले ते पाहावे लागते.

पत्ते का बदलतात?

याचे एक उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याची गॅझेटियरे तयार झाली. त्यांपैकी पुणे जिल्ह्याचा अठरावा खंड तीन भागांत १८८५ साली प्रसिद्ध झाला. त्यात शिरूर आणि दौंड या दोन्ही गावांविषयी माहिती आहे. पुढे महाराष्ट्र शासनाने जुनी गॅझेटियरे माहितीजालावर उपलब्ध करून दिली. शिक्षकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी ही मोठीच सोय झाली.

हा मजकूर प्रथम शासनाच्या मुख्य संकेतस्थळाखाली होता. नंतर तो ‘कल्चरल डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ या पत्त्याखाली आला. पुढे ‘गॅझेटियर्स डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ असा स्वतंत्र पत्ता झाला. गंमत अशी, की या नव्या पत्त्यानंतर तिरकी रेघ आणि लगेच जुना ‘कल्चरल’चा संपूर्ण पत्ता, अशी पानांची रचना दिसू लागली. जुने घर उचलून नव्या वाड्याच्या आवारात जसेच्या तसे ठेवावे, तसे हे झाले. मजकूर तोच राहिला आणि दारावरची पाटी बदलली. वाईच्या मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळाचा पत्ताही एकाहून अधिक वेळा बदलला आहे. सातबारा पाहण्याचा पत्ता बदललेला तर अनेक शेतकऱ्यांनी अनुभवला आहे.

गावांची नावेही बदलतात. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत शिरूरचे ‘सिरूर’ आणि दौंडचे ‘धोंड’ आहे. १८७८ साली सुरू झालेला दौंड-मनमाड लोहमार्ग शोधायचा तर जुन्या नोंदींत ‘धोंड-मनमाड’ पाहावे लागते. शिरूरला तर आजही पुष्कळ लोक घोडनदी म्हणतात. पण पाकिटावर घोडनदी लिहिले म्हणून पत्र परत जात नाही. टपाल खात्यातल्या माणसाला दोन्ही नावे एकाच गावाची आहेत हे ठाऊक असते. माहितीजालावर हे आपोआप होत नाही. जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पत्त्याकडे पाठवण्याची व्यवस्था कोणीतरी मुद्दाम करावी लागते. ती केली नाही, तर मजकूर शाबूत असूनही वाचकाच्या लेखी तो नाहीसा होतो.

माहितीजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ साली याच विषयावर एक टिपण लिहिले. पत्ते आपणहून बदलत नाहीत, ते माणसे बदलतात, असा त्याचा आशय होता. पत्ता ठरवताना विभागाचे नाव, अधिकाऱ्याचे नाव किंवा वापरलेल्या तंत्राचे नाव त्यात घालू नये, कारण या गोष्टी बदलणारच, असेही त्यांनी सुचवले होते.

पत्ता बदलण्याखेरीज आणखी कारणे आहेत. संस्था बंद पडते. सर्व्हरचे भाडे भरायचे राहून जाते. संकेतस्थळाचे नाव कायमचे विकत मिळत नाही, ते ठरावीक मुदतीसाठी घ्यावे लागते. मुदत संपून नूतनीकरण झाले नाही, तर ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. जुन्या, लोकांना माहीत झालेल्या नावांवर लक्ष ठेवून ती घेणारे लोक असतात, कारण त्या नावाकडे येणारे वाचक त्यांना आयते मिळतात. आमच्या यादीतील पत्त्यांच्या खेळाची जाहिरात हा असाच प्रकार होता.

किती दुवे तुटतात?

अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने २०२४ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१३ ते २०२३ या काळातील सुमारे दहा लाख पानांचा नमुना घेऊन त्यांतील किती पाने ऑक्टोबर २०२३ मध्ये उघडतात, हे त्यांनी तपासले. २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती.

या आकड्यावरून वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना एक गणित करता येईल. दहा वर्षांनी ६२ टक्के पाने शिल्लक राहिली. दरवर्षी सारख्याच प्रमाणात पाने नाहीशी होतात असे धरले, तर वर्षाला टिकण्याचे प्रमाण ०.६२ चे दहावे मूळ, म्हणजे सुमारे ०.९५३ येते. म्हणजे दरवर्षी शंभरातील साधारण पाच पाने जातात. किरणोत्सारी पदार्थांप्रमाणे दुव्यांचाही ‘अर्धायुष्यकाल’ काढता येतो. तो सुमारे साडेचौदा वर्षे येतो.

वर्षाला पाच टक्के ही घट फार वाटत नाही. पण आपल्याजवळ एकच दुवा नसतो. समजा, यादीत ५० दुवे आहेत. वर्षभरानंतर ते सर्वच्या सर्व शाबूत असण्याची शक्यता ०.९५३ चा पन्नासावा घात, म्हणजे जेमतेम ९ टक्के आहे. सरासरीने दोन-तीन दुवे तरी तुटलेले असतील, पण कोणते, ते आपल्याला माहीत नसेल.

या गणितात दोन गृहीतके आहेत आणि ती दोन्ही पूर्ण खरी नाहीत, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. पहिले असे, की घटीचा वेग कायम राहतो. प्रत्यक्षात त्याच पाहणीत २०२३ सालच्या पानांपैकी ८ टक्के पाने त्याच वर्षी ऑक्टोबरपर्यंत नाहीशी झालेली आढळली. म्हणजे कोवळी पाने अधिक वेगाने जातात आणि जी टिकतात ती पुढे अधिक चिवट ठरतात. किरणोत्सारी अणूला वय नसते, पानाला असते. दुसरे गृहीतक असे, की प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे तुटतो. प्रत्यक्षात एका संकेतस्थळाचा पत्ता बदलला की त्यावरचे सगळे दुवे एकदमच जातात. तरीही यादी वरचेवर तपासली पाहिजे, हा मूळ निष्कर्ष बदलत नाही.

आज्ञावली काय करते?

हाताने दुवे तपासायला दर दुव्यामागे एक मिनिट धरले, तर ३०० दुव्यांना पाच तास लागतील. हे काम कंटाळवाणे आहे आणि कंटाळलेला माणूस चुका करतो. संगणक कंटाळत नाही. पायथनसारख्या भाषेत यासाठी पंचवीस-तीस ओळींची आज्ञावली पुरते. तिचे टप्पे साध्या मराठीत असे मांडता येतील :

१. यादीतील पुढचा पत्ता घे.
२. सर्व्हरला विचार, “या पत्त्यावर पान आहे का? पान पाठवू नकोस, फक्त पाकिटावरचा मजकूर सांग.”
३. असा प्रश्न सर्व्हरला मान्य नसेल, तर नेहमीच्या पद्धतीने पानच माग.
४. वीस सेकंदांत उत्तर आले नाही, तर वाट पाहणे सोड आणि ‘उत्तर नाही’ अशी नोंद कर.
५. उत्तर आले, तर त्यातील तीन अंकी क्रमांक नोंदव.
६. सर्व्हरने दुसऱ्या पत्त्याकडे पाठवले, तर तिकडे जा, आणि शेवटी कुठे पोचलास तो पत्ताही नोंदव.
७. दोन सेकंद थांब. मग पहिल्या टप्प्याकडे परत जा.

दुसऱ्या टप्प्यातील युक्ती महत्त्वाची आहे. नेहमीच्या मागणीत सर्व्हर पान आणि त्यासोबतची माहिती असे दोन्ही पाठवतो. पण केवळ माहितीच मागण्याची सोयही नियमांत आहे. घरात न शिरता दारावरची पाटी वाचून परत येण्यासारखे हे आहे. त्यामुळे आपला डेटा वाचतो आणि सर्व्हरवरचा भारही कमी होतो.

दोन दुव्यांमध्ये दोन सेकंद थांबूनही ३०० दुव्यांना दहा मिनिटे लागतात. त्यात उत्तरांची वाट पाहण्याचा वेळ मिळवला, तरी चहा पिऊन येईपर्यंत काम आटोपते. ज्यांना स्वतः आज्ञावली लिहायची नाही त्यांच्यासाठी तयार साधनेही आहेत. माहितीजालाचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचा दुवा-तपासक फुकट वापरता येतो.

तीन अंकी उत्तरे

सर्व्हरच्या उत्तरातील तीन अंकी क्रमांक म्हणजे त्याच्या उत्तराचे सार. पहिल्या अंकावरून उत्तराचा प्रकार कळतो. २ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे काम झाले. ३ म्हणजे दुसरीकडे जा. ४ म्हणजे तुमच्या मागणीत काही चूक आहे. ५ म्हणजे माझ्याकडेच बिघाड आहे. नेहमी भेटणारे क्रमांक पुढीलप्रमाणे :

२०० – पान आहे.
३०१ – पान कायमचे दुसऱ्या पत्त्यावर गेले आहे. आपल्या यादीत नवा पत्ता लिहावा.
३०२ – पान तात्पुरते दुसरीकडे आहे. यादीतील पत्ता तसाच ठेवावा.
४०३ – पान आहे की नाही हा प्रश्नच नाही, तुम्हाला ते पाहण्याची परवानगी नाही.
४०४ – या पत्त्यावर असे पान नाही.
४१० – पान होते, पण मुद्दाम काढून टाकले आहे.
४२९ – तुम्ही फार घाईने फार मागण्या करत आहात.
५०३ – सध्या सेवा देता येत नाही.

हे क्रमांक वाचताना कीमनच्या अनुभवाची आठवण ठेवावी. प्रत्येक खडखडाट म्हणजे तुटलेला रूळ नव्हे. ५०३ आला तर सर्व्हरची दुरुस्ती चालू असेल. ४०३ आला तर सर्व्हरने आपल्या आज्ञावलीला यंत्र म्हणून ओळखून हाकलले असेल आणि तोच दुवा माणसाने उघडल्यावर व्यवस्थित उघडेल. काही सरकारी संकेतस्थळे देशाबाहेरून आलेल्या मागण्यांना उत्तर देत नाहीत. तपासणारी आज्ञावली परदेशातील सर्व्हरवरून चालत असेल, तर दौंडच्या वर्गात सहज उघडणारा दुवाही ती ‘तुटला’ असे सांगेल. म्हणून एकदा नापास झालेला दुवा लगेच यादीतून काढू नये. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी तीनदा तपासावा आणि तिन्ही वेळा नापास झाला, तरच तुटला असे समजावे. प्रयोगशाळेत आपण एकाच वाचनावरून निष्कर्ष काढत नाही, तोच नियम येथेही पाळावा.

फसवे ‘२००’

आतापर्यंत आपण चांगला दुवा वाईट ठरण्याच्या चुकीबद्दल बोललो. उलट चूक अधिक घातक आहे.

काही संकेतस्थळे नसलेले पान मागितले तर ४०४ देत नाहीत. ती ‘क्षमस्व, पान उपलब्ध नाही’ असा मजकूर असलेले सुंदर पान पाठवतात आणि त्यावर क्रमांक मात्र २०० लावतात. काही संकेतस्थळे मुकाट्याने मुखपृष्ठावर नेऊन सोडतात. आज्ञावलीच्या दृष्टीने सर्व काही ठीक असते. आता आमच्या यादीतील तीन दुवे आठवून पाहा. पहिला ४०४ देत होता, तो आज्ञावलीने तत्काळ पकडला असता. दुसऱ्यावर भलते मुखपृष्ठ होते, तिसऱ्यावर जाहिरात होती. दोघांचाही क्रमांक २०० होता. ज्या दुव्याने मुलीला सर्वांत जास्त घाबरवले, तो साध्या तपासणीत उत्तीर्ण झाला असता.

यावर काही उपाय आहेत. पहिला, शेवटी पोचलेला पत्ता मूळ पत्त्याशी ताडून पाहावा. लांबलचक मार्गाचा पत्ता देऊन आपण नुसत्या मुखपृष्ठावर पोचलो, तर संशय घ्यावा. दुसरा, त्या संकेतस्थळावर मुद्दाम एक अस्तित्वात नसलेला, वेडावाकडा पत्ता मागून पाहावा. त्यालाही २०० आला, तर त्या संकेतस्थळाच्या २०० वर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. विज्ञानातील नियंत्रित प्रयोगाचे हे चांगले उदाहरण आहे. तिसरा, यादी करतानाच प्रत्येक दुव्यापुढे त्या पानावर हमखास असणारा एखादा शब्द लिहून ठेवावा. छावणीच्या पानासाठी ‘शिरूर’, लोहमार्गाच्या पानासाठी ‘मनमाड’. आज्ञावलीने पान उघडून तो शब्द आहे का ते पाहावे. जाहिरातीच्या पानावर ‘मनमाड’ असण्याची शक्यता फार कमी.

एवढे केले तरी पानावरचा मजकूर बरोबर आहे का, मुलांच्या वयाला योग्य आहे का, हे आज्ञावली सांगू शकत नाही. दार उघडते का, हे यंत्राने पाहावे. आत कोण राहते, हे शिक्षकानेच पाहावे. फायदा एवढाच, की ३०० दारांऐवजी यंत्राने खूण केलेली वीस-पंचवीस दारेच आधी पाहावी लागतात, आणि बाकीची सवडीने पाहता येतात.

गस्तीचे शिष्टाचार

आपली आज्ञावली दुसऱ्यांच्या सर्व्हरला त्रास देऊ शकते, हे विसरू नये. एका सेकंदात शंभर मागण्या करणे संगणकाला सहज जमते, पण समोरचा लहानसा सर्व्हर त्याने आडवा होईल. म्हणून एकाच सर्व्हरला लागोपाठ मागण्या करताना थांबत जावे. आपण कोण आहोत आणि कशासाठी आलो आहोत, हे मागणीसोबत लिहिण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा. यंत्रांनी कोणत्या भागात येऊ नये, याची सूचना अनेक संकेतस्थळांवर एका लहानशा फाइलमध्ये ठेवलेली असते. ही प्रथा १९९४ पासूनची आहे. ती सूचना वाचावी आणि पाळावी. कुलूप नाही म्हणून कोणाच्याही आवारात शिरू नये, हा साधा नियम आहे.

तुटलेला दुवा सापडल्यावर

प्रथम त्याच संकेतस्थळावर शीर्षकाने शोधावे. मजकूर बहुधा नव्या पत्त्यावर असतो. न मिळाल्यास इंटरनेट अर्काइव्हकडे वळावे. १९९६ साली सुरू झालेली ही संस्था माहितीजालावरील पानांच्या प्रती साठवून ठेवते, आणि ‘वेबॅक मशीन’ या नावाने २००१ पासून त्या सर्वांना पाहता येतात. जुना पत्ता तेथे लिहिला की कोणकोणत्या तारखांच्या प्रती आहेत ते दिसते. विकिपीडियावरील तुटलेल्या दुव्यांच्या जागी अशा प्रती जोडण्यासाठी एक आज्ञावली सतत काम करते. २०१८ सालापर्यंत तिने आणि विकिपीडियाच्या कार्यकर्त्यांनी मिळून नव्वद लाखांहून अधिक दुवे पुन्हा जिवंत केले होते.

मात्र प्रत असेलच असे नाही. म्हणून महत्त्वाचे पान यादीत घालतानाच त्याची प्रत तेथे जतन करण्याची विनंती नोंदवावी. ती सोय सर्वांना खुली आहे. यादीत मूळ पत्त्याशेजारी प्रतीचा पत्ता, पानाचे शीर्षक आणि आपण ते पाहिल्याची तारीखही लिहावी. शीर्षक असेल, तर पत्ता गेला तरी शोध घेता येतो. नुसता पत्ता असेल, तर तो गेल्यावर हाती काहीच राहत नाही.

छापील यादीची अडचण वेगळी आहे. छापलेला पत्ता दुरुस्त करता येत नाही. यावर पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडमध्ये वापरलेली युक्ती शिकण्यासारखी आहे. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय व्यवस्थेच्या क्यूआर कोडमध्ये चित्रफितीचा थेट पत्ता नसतो. त्यात सहा अक्षरांचा एक संकेत असतो. त्या संकेतापुढे कोणता मजकूर दाखवायचा, हे एका मध्यवर्ती तक्त्यात नोंदलेले असते. मजकूर बदलला तर तक्ता बदलायचा, पुस्तक तेच राहते. शिक्षकांच्या गटालाही हे करता येईल. कागदावर एकच पत्ता छापावा, तो आपल्या यादीच्या पानाचा. बाकीचे सगळे दुवे त्या पानावर ठेवावेत आणि तेथेच दुरुस्त करावेत. अर्थात तो एक पत्ता जपण्याची जबाबदारी मग आपली असते.

वर्गात करून पाहा

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना हा प्रकल्प संगणकाशिवायही सुरू करता येईल. पाठ्यपुस्तके, मासिके, शाळेतील तक्ते यांवर छापलेले वीस-तीस पत्ते गोळा करावेत. प्रत्येकाच्या छपाईचे वर्ष लिहावे. गटागटाने दुवे उघडून चार रकान्यांत वर्गवारी करावी : नीट उघडला, दुसरीकडे नेले, उघडला पण मजकूर वेगळा, उघडलाच नाही. मग छपाईचे वर्ष आणि तुटलेल्या दुव्यांचे प्रमाण यांचा आलेख काढावा. जुन्या वर्षांकडे तो चढत जातो का? वर केलेल्या गणिताशी जुळतो का? जुळत नसेल, तर का? जेथे संगणक आहे तेथे हीच यादी आज्ञावलीकडून तपासून घ्यावी आणि माणसाचा निकाल व यंत्राचा निकाल शेजारी शेजारी ठेवावा. जेथे दोघांत मतभेद आहे ते दुवे सर्वांत शिकवणारे असतात. मुले अनोळखी पाने उघडणार असल्यामुळे शिक्षकांनी यादी आधी स्वतः डोळ्यांखालून घालावी.

आमच्या गटाने आता वर्षातून दोनदा गस्त घालायची असे ठरवले आहे, जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीत एकदा. यादीतील प्रत्येक दुव्यापुढे शेवटच्या तपासणीची तारीख लिहिली जाते. यादीच्या तळाशी शिक्षकांनी मुलांसाठी एक ओळ घातली आहे : ‘दुवा उघडला नाही, तर तुमची चूक नाही. त्याचा क्रमांक आम्हाला कळवा.’ पहिल्या काही कळवलेल्या क्रमांकांत त्या मुलीनेही एक पाठवला होता. आज्ञावलीने त्या दुव्यापुढे २०० लिहिले होते. पान मात्र खरोखरच रिकामे होते.